वेशीपर्यंतची नोंद

बाई ऑफिसात यायच्या तेव्हा त्यांच्या एका हातात घडीचं स्टूल असायचं आणि दुसऱ्या हातात छत्री. त्या वर्षी पाऊस नव्हता, त्याच्या आदल्या वर्षीही नव्हता, पण छत्री सुटली नाही. सरकारी खुर्चीवर त्या बसत नसत. खुर्चीवर बसलं की माणूस तिच्या बाजूनं बोलायला लागतो, असं त्यांचं म्हणणं होतं. समितीच्या बैठकीतसुद्धा सगळे खुर्च्यांवर आणि बाई टेबलाच्या कडेला स्टुलावर, नाक टेबलाच्या जरासं वर.

लातूर नुकतंच वेगळा जिल्हा झालं होतं. जुन्या जिल्ह्याकडून लोखंडी पेट्यांतून फायली येत होत्या, दुकानांच्या पाट्यांवर जिल्ह्याचं नाव खोडून नवं रंगवलं जात होतं, आणि नव्या जिल्ह्याचा स्वतःचा एक कोश असावा असं गावातल्या काही मंडळींच्या मनात आलं. गावं, नद्या, देवळं, दर्गे, संस्था, माणसं, सगळं अकारविल्हे. त्यासाठी समिती झाली आणि संपादक म्हणून बाईंना बोलावलं गेलं. नांदेडला मुलींच्या शाळेत उभा जन्म भूगोल शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. मी त्यांचा लेखनिक. टपाल उघडायचं, नोंदी चांगल्या अक्षरात उतरवायच्या आणि बाई फिरतीला निघाल्या की सोबत जायचं, हे माझं काम.

बाईंचा आवडता शब्द ‘कशावरून’. कुणी म्हणालं, आमचं देऊळ हजार वर्षांचं, की बाई विचारायच्या, कशावरून. उदगीरकडच्या एका गावानं कळवलं होतं की त्यांची बारव कुण्या राजानं बांधलेली आहे, तळाशी शिलालेखही आहे. दुष्काळानं बारव कोरडी पडलेली होती. बाई लुगडं खोचून साठ पायऱ्या उतरून गेल्या, दगडावरची माती छत्रीच्या टोकानं काढली आणि वाचून वर आल्या. लेखात गवंड्यानं स्वतःचं नाव कोरलं होतं. तो गवंडी अजून जिवंत होता आणि वर काठावर बिडी ओढत बसला होता. बाईंनी राजा खोडला आणि गवंड्याचं नाव घातलं.

दुसरा नियम पाण्याचा. ज्यांची नोंद करायची त्यांच्या घरी खायचं नाही, प्यायचं नाही. एका बड्या बागाईतदारानं त्यांच्यासाठी पुरणाचा स्वयंपाक केला होता. बाई ओसरीवर बसल्या, फिरकीचा तांब्या उघडला, फडक्यातली भाकरी काढली आणि त्याच्यादेखत खाल्ली. माणूस अपमानानं लाल झाला. बाईंना त्याचं काही कळलंही नाही. तोंडात घास असला की लेखणी खरं बोलत नाही, एवढं मला सांगून त्यांनी तांब्याची फिरकी घट्ट लावली.

मी मात्र सगळ्याला भ्यायचो. गंजगोलाईच्या मागं एका गल्लीत मी खोली घेऊन राहत होतो. खोली देताना घरमालकानं आडनाव विचारलं. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून काही कळत नाही. ‘म्हणजे पाटलांपैकीच का?’ असं त्यानं विचारलं आणि मी हसलो. हसलो एवढंच. त्या हसण्यावर मला खोली मिळाली, आणि नंतर रोज जिना चढताना त्या हसण्याचीच भीती वाटायची. घरी ज्या फोटोला आम्ही सकाळी हात जोडायचो तो मी पेटीत कपड्यांच्या खाली ठेवला होता. थोड्याच वर्षांपूर्वी मराठवाड्यात आमच्या लोकांची घरं जळाली होती. आमच्या गावात जळाली नव्हती, पण त्या दिवसांत आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी उसात लपून बसलो होतो. उसाच्या पात्यांचा आवाज अजूनही मला ऐकवत नाही.

एके दिवशी टपालात एक कार्ड आलं. निलंग्याच्या पुढं, कर्नाटकाच्या सरहद्दीला लागून असलेल्या एका गावातून. ‘आमच्या कवायत मंडळाची नोंद कोशात घ्यावी.’ खाली सही माझ्या चुलत्यांची, तात्यांची. वडील मी लहान असतानाच गेले. मला तात्यांनी आणि काकूनं वाढवलं. तात्या लष्करातून हवालदार होऊन परत आलेले. आमच्या लोकांनी बौद्ध धम्म घेतला त्याच्या पुढच्या साली त्यांनी वस्तीतली पोरं गोळा करून हे मंडळ काढलं. पांढरे सदरे, एक बिगूल, दोन ड्रम. जयंतीच्या दिवशी वस्तीतून निघायचं, वेशीतून गावात शिरायचं आणि शाळेपर्यंत जायचं, असा त्यांचा बेत. त्यासाठी ते दरसाल अर्ज करायचे.

मी कोशात काम करतो हे तात्यांना ठाऊक होतं. त्यांनी मला एका शब्दानं विचारलं नव्हतं. इतर कुणीही पाठवावं तसं त्यांनी कार्ड पाठवलं होतं.

ते कार्ड मी खणात कागदांच्या खाली सरकवलं.

महिन्यानं दुसरं कार्ड आलं तेव्हा मी नेमका बाहेर होतो. ते बाईंच्या हाती पडलं. ‘मागील कार्डाचे उत्तर नाही’ असं त्यात होतं. बाईंनी विचारलं, मागील कार्ड कुठंय. मी म्हणालो, आलंच नसेल. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, शोधा. दुसऱ्या दिवशी मी ते त्यांच्यासमोर ठेवलं. कुठं सापडलं हे त्यांनी विचारलं नाही.

समितीत यावर खल झाला. समितीत एक वकीलसाहेब होते. फार गोड बोलायचे. ते म्हणाले की अशी मंडळं गावोगाव असतात, उद्या प्रत्येक बँडवाला कार्ड टाकील, आणि उगाच एखाद्या गावात वातावरण बिघडायला नको. कोश म्हणजे मानाची गोष्ट आहे. बाईंनी एवढंच विचारलं की हे मंडळ मानाचं नाही हे कशावरून. ठरलं असं की बाहेरच्या कुणी या मंडळाबद्दल लिहिलेले कागद मिळाले तर विचार करू.

तात्यांनी पत्र्याची ट्रंकच बसवर चढवून पाठवली. आत सव्वीस अर्ज होते आणि सव्वीस उत्तरं. शांतता व सुव्यवस्थेच्या कारणास्तव वेशीच्या आत संचलनास परवानगी नाकारण्यात येत आहे. कागद पिवळे पडत गेलेले, शिक्के बदललेले, सह्या बदललेल्या, वाक्य तेच. बाई दिवसभर ते वाचत होत्या. संध्याकाळी म्हणाल्या, “इतका नीट पुरावा मला एकाही देवळाचा मिळालेला नाही.” आणि जयंतीला तिथं जायचं ठरवलं.

मी तापाचं निमित्त काढणार होतो. पण बाईंनी कपाळाला हात लावून पाहिला असता.

बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसलो. निलंग्याला गाडी बदलली, पुढं जीप. दोन्ही बाजूंना उसाचे वाळलेले खुंट, आणि नदी म्हणजे नुसती पांढरी वाळू. वस्तीत शिरताना मी बाईंच्या दोन पावलं मागं राहिलो. मी या वस्तीतला आहे हे बाईंना आता कुणीतरी सांगणार, मग ते लातुरात जाणार, मग गल्लीत.

तात्या इस्त्रीच्या सदऱ्यात पुढं आले. त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि क्षणभर थांबले. मग हात जोडून म्हणाले, “या बाई. या साहेब.”

साहेब मला म्हणाले होते. मी काही सांगितलं नव्हतं, तरी त्यांनी ओळखलं आणि मला झाकलं. अंगणातल्या पंचवीस-तीस माणसांनीही ते बघितलं, आणि एकानंही मला नावानं हाक मारली नाही. ज्या बाजेवर मी लहानाचा मोठा झालो, तिच्यावर मी पाहुण्यासारखा टोकाला बसलो.

काकू पाणी घेऊन आली. वाळूत झरा खणून, नंबर लावून वाटी-वाटीनं भरलेलं पाणी. दोन पेले. बाईंनी नेहमीसारखा हात हलवला आणि पिशवीतून आपला तांब्या काढला.

बायकांनी माना खाली घातल्या. काकूच्या हातातलं ताट तसंच राहिलं. तात्या सावकाश म्हणाले, “ऱ्हाऊ दे. बाई शहरातून आल्यात. त्यांचं पाणी त्यांच्याजवळ हाय.”

त्या वाक्यात काय होतं ते मला कळत होतं. बाई कुणाच्याच घरी पाणी घेत नाहीत, बागाईतदाराच्या वाड्यावरही घेतलं नाही, एवढं सांगितलं असतं तरी पुरे होतं. पण तोंड उघडलं तर माझी गावची बोली बाहेर पडेल, एखादी म्हातारी ‘बाळ्या’ म्हणेल, अशी भीती होती. मी बसून राहिलो.

बाईंनी काकूकडे पाहिलं, मग तात्यांकडे, मग खाली घातलेल्या मानांकडे. त्यांना उशीर लागला, पण कळलं. त्यांनी तांब्या पिशवीत ठेवला, ताटातला पेला उचलला आणि शेवटच्या थेंबापर्यंत पाणी प्यायल्या. मग दुसराही उचलला. तो माझा होता. मी हात लावला नव्हता.

त्यानंतर कवायत झाली. ऊन चढलेलं, बिगूल वाजवणाऱ्याचे ओठ फुटलेले. मंडळी वस्तीतून निघून वेशीपाशी आली. वेशीच्या आत पारावर माणसं बसली होती, काही उभी. तात्यांनी ‘थांब’ म्हटलं, सगळे पाय एकदम थांबले, आणि मंडळी वळून माघारी निघाली. लहानपणी मी हे दरसाल पाहिलं होतं.

बाई माघारी वळल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून चामड्याच्या डबीतली कापडी फीत काढली, टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, “अर्जात मागितलेला रस्ता मोजायचाय. वेस ते शाळा. चला.”

मी नाही म्हणू शकलो नाही. वेशीतून आम्ही दोघंच आत गेलो. मी टोक धरून बसायचो, बाई पुढं जायच्या, वहीत लिहायच्या, मग मी उठून पुढं. दर वेळी वाकलो की माझी पाठ उघडी पडल्यासारखी वाटायची. दारं उघडत होती. पारावरची माणसं मागून चालायला लागली होती.

मारुतीच्या देवळापाशी एकानं फितीवर पाय ठेवला. उंच, पांढरं धोतर. त्याच्या शेतावर माझ्या काकूनं जन्मभर खुरपलं होतं.

“हे कशाचं मोजमाप करायलात?” त्यानं विचारलं.

“कवायत मंडळाची नोंद करायची आहे,” बाई म्हणाल्या. “आपलं नाव सांगाल का? मोजणी इथं थांबली असं लिहावं लागेल, तर कुणी थांबवली तेही लिहायला हवं.”

त्या पेन्सिल धरून खरोखरच वाट बघत होत्या. त्यात धमकी नव्हती, आणि म्हणूनच त्या माणसानं पाय काढला. पण जाताना माझ्यापाशी वाकला. “हवालदाराचा पुतन्या न्हवं का तू? लातुरात कुठं ऱ्हातूस?”

मी गल्लीचं नाव सांगितलं. विचारलं म्हणून सांगून टाकलं. भीतीनं माणूस खरं बोलतो ते असं.

शाळेपर्यंत मोजणी झाली. परतीच्या बसमध्ये बाईंनी वही मिटली. मग म्हणाल्या की आपण पाणी प्यायलो, त्यामुळे नियमानं ही नोंद आपल्याला लिहिता येणार नाही. तुम्ही लिहा, तुम्ही प्यायला नाहीत. तेव्हा मी म्हणालो, “बाई, ते माझंच घर आहे. पाणी आणलं ती माझी काकू.”

“ठाऊक आहे,” बाई म्हणाल्या. “तुमचं अक्षर आणि कार्डावरचं अक्षर एकाच वळणाचं आहे. तुम्ही कधी सांगता याची वाट बघत होते. त्या अंगणात तरी सांगायला हवं होतं. माझ्या हातून त्या बाईचा अपमान होत होता.”

मी रडलो. त्यांनी खिडकीबाहेर बघत मला रडू दिलं. मग त्यांनी तोड काढली. नोंद त्याच लिहितील, पण खाली एक टीप असेल: संपादकांनी या मंडळाच्या घरचं पाणी घेतलं आहे आणि लेखनिक त्याच घरातला आहे, वाचकानं हे ध्यानात घेऊन वाचावं. माझं नाव त्यात येणार. मला नको असेल तर टीप नाही, आणि टीप नाही तर नोंदही नाही.

पुढचे पंधरा दिवस मी धड जेवलो नाही. जिन्यावर पाऊल वाजलं की मारुतीपाशी भेटलेलं पांढरं धोतर दिसायचं. बाईंनी एकदाही आठवण केली नाही. समितीची बैठक भरली. नोंद वाचून झाल्यावर वकीलसाहेब गोड आवाजात म्हणाले की सगळं ठीक आहे, फक्त यात कुणाचा हितसंबंध नाही ना, एवढं पाहा. आणि ते माझ्याकडे बघत होते. त्यांना कळवलं गेलं होतं. मी उठलो. “आहे,” मी म्हणालो. “हवालदार माझे चुलते आहेत. तसं छापा. माझ्या नावानिशी छापा.”

नोंद कोशात गेली. महिन्याभरात घरमालकानं खोली रंगवायला काढायची म्हणून सांगितलं. तो रागावला नव्हता, उलट फार अदबीनं बोलला. मी पेटी उचलून स्टेशनकडच्या वस्तीत राहायला गेलो.

नोंद सात ओळींची होती. तात्यांनी ती पुढच्या अर्जाला जोडली. उत्तर आलं ते घेऊन ते स्वतः लातूरला आले. बाईंनी कागद घेतला आणि उभ्याउभ्या वाचला. जिल्हा कोशातील नोंदीनुसार सदर मंडळाचे संचलन वेशीपर्यंत जाते, सबब प्रचलित मार्गात बदल करण्याचे कारण दिसत नाही.

‘मंडळाचे संचलन दरवर्षी वस्तीपासून वेशीपर्यंत जाते.’ वाक्य बाईंचं होतं. मी चांगल्या अक्षरात उतरवलेलं.

बाईंच्या चेहऱ्यावर भीती मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. त्यांनी ते वाक्य कोशात काढून पुन्हा वाचलं, तिसऱ्यांदा वाचलं. तात्याच त्यांना समजावू लागले. “तुमचं काई चुकलं न्हाई, बाई. आमी थांबतो वेशीपाशी. खरंच हाय ते.”

“तुम्ही थांबत नाही,” बाई म्हणाल्या. “तुम्हाला थांबवतात. एवढा फरक मला कळायला हवा होता.”

समितीनं शुद्धिपत्र काढायला नकार दिला. वाक्यात चूक नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरंही होतं. मग बाईंनी कागदाच्या पट्ट्या कापल्या आणि प्रत्येकीवर स्वतःच्या हातानं लिहिलं: ‘जाते’ऐवजी ‘वेशीपर्यंत जाऊ दिले जाते, पुढे शाळेपर्यंतची परवानगी नाकारली जाते’ असे वाचावे. कोशाच्या प्रती कुठंकुठं गेल्या त्याची यादी होती. कणकेची खळ डब्यात घेऊन त्या एकेक ग्रंथालय, एकेक कचेरी करत फिरू लागल्या. अहमदपूर, औसा, शेजारच्या जिल्ह्यात बिलोलीपर्यंत. रविवारी मी बरोबर असायचो. एका ठिकाणी ग्रंथपालानं सरकारी पुस्तकाला हात लावू देणार नाही म्हणून सांगितलं. बाई स्टूल उघडून त्याच्यासमोर बसल्या. दुपारी त्यानं पुस्तक आणून दिलं. उन्हानं त्यांचे पाय सुजायचे. बसमध्ये त्या मला विचारायच्या, या प्रती सोडून आणखी कुणी ते वाक्य उतरवून घेतलं असेल का. मी म्हणायचो, नाही. मला काय ठाऊक.

पुढच्या अर्जाला तात्यांनी ती पट्टी जोडली, आजवरच्या सगळ्या नकारांच्या नकला जोडल्या आणि मोजलेला रस्ता जोडला. जयंतीच्या आदल्या दिवशी परवानगी आली. एक तास, घोषणा नाहीत, चार पोलीस.

त्या सकाळी मी पांढरा सदरा घालून तिसऱ्या रांगेत उभा राहिलो. वेशीतून आत शिरलो तेव्हा रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दारं बंद, पार रिकामा. शिव्या आल्या असत्या तरी बरं वाटलं असतं. त्या बंद दारांमागं माणसं उभी आहेत हे कळत होतं, आणि कुठल्याही क्षणी एखादी कडी वाजेल म्हणून प्रत्येकाचे कान टवकारलेले. माझ्या पुढच्या माणसाची मान घामानं भिजली होती. ड्रम वाजवणाऱ्याचा ठेका दोनदा चुकला. मारुतीचं देऊळ गेलं. कुणी मागं पाहिलं नाही.

शाळेच्या ओट्यावर बाई छत्री उघडून एकट्याच उभ्या होत्या, वही हातात. आम्ही समोर आलो. तात्यांनी ‘थांब’ म्हटलं. त्यांचा आवाज चिरकला होता. पाय एकदम थांबले आणि धूळ खाली बसायला लागली.

बाईंनी खाली वाकून वहीत एकच ओळ लिहिली. नंतर मी ती पाहिली. आधी वेळ टाकलेली होती, आणि पुढं: ‘शाळेपाशी थांबले.’